दहा फुटांवरून ‘पुरवणी’

तुम्ही तिघांनी पाठवलेलं सगळं मी दोनदा पाहिलं. १२ बाय १८ इंचाचं पोस्टर, पोस्टकार्डाच्या दोन्ही बाजू, चार पानी पत्रक आणि २४ मिनिटांची फिल्मसुद्धा. बाकीच्या वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात सांगते. ‘पुरवणी’ ही तुमची शेवटच्या वर्षाची फिल्म. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा मुलगा, एमपीएससीचा चौथा प्रयत्न. अभ्यासिका केव्हाच सुटली आहे, रात्री तो पार्सलं पोचवतो, आणि घरी यातलं काहीच माहीत नाही. एक दिवस वडील न कळवता गावाहून येतात आणि एक रात्र त्याच्या खोलीवर राहतात. जानेवारीत कॉलेजच्या सभागृहात पहिला खेळ आहे आणि छपाईला आठ हजार रुपये आहेत. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: पोस्टरवर चेहरा मोठा ठेवावा की एखादी वस्तू, नाव उठून का दिसत नाही, आणि नमुन्याचा प्रिंट इतका काळा का आला.

तिन्हींची उत्तरं देते. पण सुरुवात तुम्ही न विचारलेल्या प्रश्नापासून करते, कारण बाकीचे तिन्ही त्याच्यावर उभे आहेत. हे पोस्टर कुठल्या भिंतीवर लागणार आहे?

गेल्या आठवड्यात मी मुद्दाम पेरूगेटपासून नवी पेठेपर्यंत चालत गेले. तुमचा खरा प्रेक्षक तिथेच राहतो. झेरॉक्सची दुकानं, अभ्यासिकांचे जिने, मेसच्या भिंती, चहाच्या टपरीमागचा पत्रा, आणि या प्रत्येक जागी क्लासेसच्या जाहिराती. लाल-पिवळी पार्श्वभूमी, वर क्लासचं नाव, खाली निवड झालेल्या मुलांचे पासपोर्ट फोटो ओळीने, मधोमध सरांचा हाताची घडी घातलेला फोटो. आता तुमचं पोस्टर बघा. मध्यभागी मुलाचा मोठा चेहरा, मागे धूसर वडील, खाली पुस्तकांची चळत, त्यावर हॉलतिकीट, कोपऱ्यात शनिवारवाड्याचा दरवाजा आणि सगळ्यावर नारिंगी छटा. लॅपटॉपवर ते फिल्मचं पोस्टर वाटतं. नवी पेठेतल्या जिन्यात ती आणखी एका क्लासची जाहिरात होईल, आणि रोज शंभर चेहरे डावलून वर चढणारा मुलगा हाही चेहरा डावलून वर जाईल.

तुमच्या नटाचे डोळे फार बोलके आहेत, त्यामुळे चेहरा सोडवत नाही हे मला कळतं. लॉ कॉलेज रोडवर एखाद्या शांत, रिकाम्या भिंतीवर तो चाललाही असता. पण तुमची भिंत ती नाही. तेव्हा एवढा मोठा चेहरा काढून टाका.

त्याच्या जागी काय घ्यायचं, ते तुमच्या फिल्ममध्येच तयार आहे. भयपटाच्या पोस्टरला एक अर्धवट उघडं दार पुरतं, गुन्हेगारीच्या कथेला एक पिस्तूल पुरतं. कौटुंबिक नाट्यात दाखवायची असते ती दोन माणसांमधली जागा. अकराव्या मिनिटाला वडील कॉटवर झोपले आहेत, भिंतीकडे तोंड करून. मुलगा खाली चटईवर आडवा आहे आणि त्याचे डोळे उघडे आहेत. मध्ये लोखंडी कॉटची कड. ते दृश्य आलं तेव्हा मी फिल्म थांबवून बराच वेळ बघत बसले. यात कथा कळत नाही, पण नातं कळतं, आणि बघणाऱ्याच्या मनात येतं की हा जागा का आहे? पोस्टरने एवढंच काम करायचं असतं. पुस्तकं, हॉलतिकीट, शनिवारवाडा सगळं काढून टाका. शनिवारवाडा तर सगळ्यात आधी. तो पुण्याला आलेल्या पाहुण्याचा आहे. तुमच्या नायकाचं पुणं म्हणजे खोली, मेस आणि अभ्यासिकेचा जिना.

मात्र अकराव्या मिनिटाची फ्रेम तशीच उचलू नका. त्याचं गणित करून बघा. फिल्म १९२० बाय १०८० पिक्सेलची आहे. तिच्यातून २:३ प्रमाणात उभा तुकडा कापला तर ७२० बाय १०८० पिक्सेल हातात उरतात. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचामागे ३०० ठिपक्यांनी, छापलं तर हे चित्र २.४ बाय ३.६ इंचांचं होतं. तेच १२ इंच रुंदीला ताणलं की इंचामागे फक्त ६० पिक्सेल. मूळ चित्रीकरण फोरकेमध्ये, म्हणजे ३८४० बाय २१६० चं, असेल तर १४४० बाय २१६० मिळतील, म्हणजे इंचामागे १२०. जिन्यात लांबून ते निभावेल, हातात धरलं की फुटलेलं दिसेल. शिवाय सेकंदाला २४ किंवा २५ फ्रेमनी चित्रीकरण करताना शटर साधारण सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतकं उघडं असतं, त्यामुळे जरासा हललेला हातही थांबवलेल्या फ्रेममध्ये पुसट येतो. पडद्यावर तो पुसटपणा हालचाल वाटतो, कागदावर मात्र फोटो हलल्यासारखा दिसतो.

म्हणून खोलीच्या मालकांना विचारून एका संध्याकाळी परत जा. कॅमेरा तिपाईवर उभा लावा आणि तेच दृश्य फक्त फोटोसाठी मांडा. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० असतो. कॅमेरा उभा धरला की रुंदीला ४००० पिक्सेल मिळतात, म्हणजे १२ इंचांच्या कागदावर इंचामागे ३३३. पुरून उरतं. पूर्ण कॉट चित्रात घ्यायचा मोह होईल, तो टाळा. बाजूने, दोघंही कंबरेपर्यंतच घ्या: वडिलांची पाठ, खाली मुलाचा चेहरा. वरची जवळजवळ अर्धी जागा नुसती भिंत राहू दे. प्रकाश फिल्ममधलाच ठेवा, खिडकीतून येणारा रस्त्यावरचा दिवा, पण फिल्मपेक्षा एक स्टॉप जास्त एक्स्पोजर द्या, म्हणजे दुप्पट उजेड. का, ते काळ्या प्रिंटबद्दल लिहिताना सांगते. आणि पुढच्या फिल्मच्या वेळी सेटवर एक माणूस फक्त स्थिरचित्रांसाठी ठेवा. रिहर्सल संपून टेक सुरू व्हायच्या आधीची दोन मिनिटं त्याला द्या. दिग्दर्शकाला ती दोन मिनिटं जड वाटतात, पण प्रसिद्धीचं सगळं साहित्य त्याच दोन मिनिटांतून उभं राहतं.

आता नाव. तुम्ही ‘पुरवणी’ बारीक वजनाच्या फॉन्टमध्ये लिहिलंय आणि अक्षरांमध्ये भरपूर अंतर सोडलंय. इंग्रजी फिल्मच्या पोस्टरवर अक्षरं अशी विरळ लावतात, तिथे ती छान दिसतात, कारण रोमन अक्षरं मुळातच सुटी उभी असतात. देवनागरीचा शब्द शिरोरेघेने बांधलेला असतो. अंतर वाढवलं की रेघ तुटते, आणि दहा फुटांवरून डोळा ‘पु’, ‘र’, ‘व’, ‘णी’ असे चार तुकडे वाचतो. तुम्हाला वाटलं बारीक अक्षराने गांभीर्य येतं, पण नाव पुस्तकांच्या चळतीत विरघळून गेलं. देवनागरीत मोठी आणि छोटी लिपी असा भेद नाही, त्यामुळे महत्त्व दाखवायला आकार, वजन आणि भोवतीची मोकळी जागा एवढंच आपल्या हातात असतं. शिवाय या शब्दाला खाली उकार आहे आणि वर वेलांटी, दोघांनाही श्वास घ्यायला जागा लागते. तुमच्या फाइलमध्ये ‘पु’चा उकार खालच्या ओळीत घुसलाय.

पण मी तुमच्या जागी असते तर नावासाठी फॉन्ट शोधलाच नसता. १९२०च्या दशकात कोल्हापुरात बाबूराव पेंटर आपल्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः रंगवत. दामले आणि फत्तेलाल त्यांच्याच तालमीत तयार झाले. त्यांची प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली, १९३३ मध्ये पुण्यात आली, आणि तिच्याच जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. हाताने रंगवलेल्या जुन्या पोस्टरांचे फोटो नीट बघा. अक्षरं चित्रावर आणून ठेवल्यासारखी वाटत नाहीत, ज्या हाताने चेहरा काढला त्याच हाताने ती काढली असावीत असं वाटतं. तुमच्या फिल्मच्या नावातच परीक्षेचा कागद आहे, तर ते नाव हाताने लिहिलेलं हवं. मुख्य नटाला बसवा आणि आखीव कागदावर पन्नास वेळा ‘पुरवणी’ लिहायला सांगा, घाईत, शेवटची पाच मिनिटं उरल्यासारखं. बॉलपेनने मात्र नको, ती रेघ दहा फुटांवरून नाहीशी होते. जाड मार्करने, मोठ्या आकारात, मग ६०० डीपीआयने स्कॅन करून त्यातलं एक निवडा. शिरोरेघ सलग आलेली बघून निवडा. वरच्या मोकळ्या भिंतीवर ते एकटंच बसू दे.

खालच्या ओळीबद्दल थोडं सविस्तर सांगते. ‘दुसऱ्या दिवशी निघायचं होतं’ ही ओळ सुंदर आहे, ठेवाच. पण पोस्टरवर ‘दुसर्या’ छापलं गेलंय, ‘या’च्या डोक्यावर रफार. मराठी डोळ्याला हे ठेच लागल्यासारखं वाटतं. नुसता ‘र’ घेऊन हलन्त आणि ‘य’ टाइप केलं की रफारच येणार. नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन पुढे हलन्त आणि ‘य’ द्या, म्हणजे ‘ऱ्या’ नीट येईल. फॉन्ट निवडतानाही मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ बघून घ्या. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी निवडल्यावरच आपली वळणं येतात. मुक्ता आणि तिरो देवनागरी मराठी हे दोन्ही मोफत आहेत आणि छपाईत टिकतात. अ‍ॅडोबच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर परिच्छेदाचा कंपोझर वर्ल्ड-रेडी करून घ्या, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटतात.

आणि प्रेसमध्ये उघडी, म्हणजे अक्षरं अजून बदलता येतील अशी, फाइल कधीही देऊ नका. श्रीलिपी आणि आयएसएम ही मराठी डीटीपीची, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरजुळणीची, दोन मोठी साधनं पुण्यातच घडली, पेठांमधल्या कितीतरी प्रेसमध्ये अजून त्यांच्या जुन्या फॉन्टवर रोजचं काम चालतं, आणि तिथले ऑपरेटर त्यात विलक्षण वाकबगार असतात. पण युनिकोडचा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये उतरवताना जोडाक्षरांचं काय होईल याचा भरवसा नसतो. वीसेक वर्षांपूर्वी एका नाटकाच्या पत्रकाची फाइल मी अशीच उघडी दिली. ध्वनीची बाजू सांभाळणाऱ्या मुलाच्या आडनावात ‘ऱ्हा’ होता. छापून आलं तेव्हा त्या जागी दोन अर्थहीन चिन्हं होती, पाचशे प्रतींवर. प्रयोगानंतर त्याची आई पत्रक उघडून बोटाने नाव शोधत होती. तेव्हापासून मी सगळी अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांची चित्रं करून, मग पीडीएफ करून देते, आणि ती पीडीएफ प्रेसच्या कॉम्प्युटरवर उघडून स्वतःच्या डोळ्यांनी वाचते. तुम्हीही तिथे जा. अप्पा बळवंत चौकातून शनिवार-नारायण पेठेकडे वळलात की हवी तेवढी डिजिटल छपाईची दुकानं आहेत. दुपारी तीनच्या सुमारास जा, सकाळी आणि संध्याकाळी त्यांना मान वर करायला वेळ नसतो.

काळा प्रिंट. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद खोलीतला उजेड परत देतो, आणि शाई कागदात थोडी पसरते. त्यामुळे स्क्रीनवर ज्या सावलीत तुम्हाला चटई, चादर, भिंतीचा पोपडा दिसतो, ती सगळी कागदावर एकच डबकं होते. तुमच्या फिल्मची रंगयोजना मुद्दाम अंधारी आहे आणि ती पडद्यावर बरोबर आहे, पण तीच कागदावर न्यायची नाही. फोटो सीएमवायकेमध्ये, म्हणजे सायन, मॅजेन्टा, यलो आणि काळी या छपाईच्या चार शाईंत, नेल्यावर सावल्या उचला. किती उचलायच्या हे स्क्रीनवर ठरवू नका. एका शीटवर त्याच फोटोचे चार तुकडे शेजारी शेजारी लावा, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा उजळ, त्याखाली आकडा, आणि ज्या दुकानात, ज्या कागदावर पोस्टर छापणार तिथेच ती एक शीट छापून घ्या. मग ती पट्टी जिन्यातल्या उजेडात धरा. चांगल्या उजेडाच्या टेबलावर आवडलेला तुकडा जिन्यात बहुधा काळाच निघतो. खिडकीतला निळा प्रकाश प्रिंटमध्ये जांभळा झाला असं तुम्ही लिहिलंत, तेही यातलंच. स्क्रीनवरचा झळाळता निळा चार शाईंना बनवता येत नाही. त्या निळ्यातली मॅजेन्टा कमी करा आणि मग पट्टीवर पुन्हा बघा.

भिंतीच्या अंधाऱ्या भागात नुसती १०० टक्के काळी शाई राखाडी दिसते. तिथे सायन ६०, मॅजेन्टा ४०, यलो ४० आणि काळी १०० असा भरीव काळा वापरा. पण श्रेयनामावलीसारख्या बारीक अक्षरांना फक्त काळीच शाई द्या. चार शाई एकमेकींवर केसभर सरकल्या तरी बारीक अक्षराला रंगीत सावली येते. काळ्यावर पांढरी अक्षरं हवी असतील तर नऊ पॉइंटच्या खाली जाऊ नका आणि बारीक वजन घेऊ नका, शाई पसरून ‘ण’ आणि ‘ष’च्या पोकळ्या भरून जातात.

कागदाच्या आकाराचं एक साधं पथ्य. पोस्टर १२ बाय १८ चं कापून हवं आणि चित्र कडेपर्यंत भिडायला हवं असेल, तर ते १३ बाय १९ च्या शीटवर छापून कापायचं. फाइलमध्ये चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड द्या, म्हणजे कापण्याच्या रेषेबाहेर चित्र तेवढं जास्त ठेवा, आणि कुठलंही अक्षर कडेपासून किमान १० मिलिमीटर आत ठेवा. तुमच्या नमुन्यावर ‘संकलन’चा ‘सं’ अर्धा कापला गेला तो याचमुळे. कागद १७० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम) मॅट आर्ट पेपर घ्या. ग्लॉसी नको, कारण जिन्यातली ट्यूब त्यावर चमकते आणि नेमकी नावावरच चमकते.

पत्रकाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण तुमच्याकडे एक सोन्यासारखी संधी आहे आणि तुम्ही ती चकचकीत आर्ट पेपरवर घालवताय. फिल्मचं नाव ‘पुरवणी’ आहे, तर पत्रकच पुरवणी करा. ए४ कागद एकदा दुमडून चार पानं. कागद १०० जीएसएमचा साधा मॅपलिथो, परीक्षेच्या कागदाच्या जातीचा. डावीकडे समासाची उभी रेघ, फिकट आखणी, वरच्या डाव्या कोपऱ्यात एक छिद्र आणि त्यात बांधलेला पांढरा दोरा. आपण सगळ्यांनी परीक्षेत तो दोरा बांधला आहे, घंटा व्हायच्या आत, घामेजल्या बोटांनी. प्रेक्षकाच्या बोटांना दोरा लागला की फिल्म सुरू व्हायच्या आधीच तो त्या वर्गात जाऊन बसतो. दीडशे पत्रकांना छिद्र पाडून दोरे बांधणं हे तिघांचं एका संध्याकाळचं काम आहे. फक्त कुठल्याही खऱ्या आयोगाचं किंवा विद्यापीठाचं नाव, चिन्ह, बैठक क्रमांकाचा खरा नमुना त्यावर येऊ देऊ नका. आखणी आणि दोरा पुरेसा आहे. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत एकदा कागद बघायला जरूर जा, शिकायला मिळेल, पण या पत्रकासाठी हातकागद नको. त्यावर हे लग्नपत्रिकेसारखं दिसेल.

पत्रक सभागृहात खेळाआधीच्या दहा मिनिटांत, मंद उजेडात वाचलं जातं. म्हणून मजकूर ११ पॉइंट, पांढऱ्यावर काळा, ओळींमध्ये भरपूर अंतर. आणि मजकूर कमी. दिग्दर्शकाच्या मनोगताची तुमची पहिली ओळ आहे: ‘ही फिल्म म्हणजे आजच्या तरुणाईच्या संघर्षाची आणि बापलेकाच्या नात्याची हृदयस्पर्शी कहाणी आहे.’ हे वाक्य कुठल्याही फिल्मला लावता येईल, आणि हृदयाला स्पर्श झाला की नाही हे प्रेक्षकाला ठरवू द्या. तुमच्या मेलमध्ये मात्र तुम्ही सहज लिहून गेलात: ‘माझ्या रूममेटने तीन वर्षं घरी फोनवर दर रविवारी सांगितलं, अभ्यास छान चाललाय. मी शेजारच्या कॉटवर ऐकत असायचो.’ मनोगत तिथूनच सुरू करा. रूममेटची परवानगी घ्या, नाव देऊ नका, आणि शंभर-सव्वाशे शब्दांत थांबा. शेवट काय होतो हे आत्ता तुम्ही तिसऱ्या परिच्छेदात सांगून टाकलंय, तो परिच्छेद पूर्ण काढा.

श्रेयनामावलीत कथा, पटकथा, दिग्दर्शन, छायांकन, संकलन, ध्वनी, कला, रंगभूषा, वेशभूषा अशी पदं बारीक आणि नावं ठळक ठेवा. सगळं एका ओळीत स्वल्पविराम देऊन कोंबू नका. इंग्रजी पोस्टरवरचा अरुंद अक्षरांचा तो ठोकळा देवनागरीत वाचता येत नाही, मात्रा एकमेकींत अडकतात. पोस्टरवर पाच-सहा मुख्य नावं पुरेत, बाकी सगळी पत्रकात. प्रत्येकाला त्याचं नाव छापील कागदावर दाखवून शेजारी सही घ्या. फोनवरच्या मेसेजवर ‘ओके’ आलेलं नाव नीट वाचलेलं असेलच असं नाही. ऋणनिर्देशात खोलीचे मालक आणि ज्या मेसवाल्या काकूंनी तुम्हाला तीन दिवस स्वयंपाकघर दिलं त्या, यांची नावं ‘आणि इतर सर्व’ यात ढकलू नका.

पोस्टकार्डावर फार वेळ घालवू नका. पुढे पोस्टरचंच चित्र, पण नाव लहान, कारण ते हातात धरून वाचलं जाणार. मागे एक ओळ, तारीख, वेळ, सभागृह, आणि अर्धी बाजू कोरी. त्या कोऱ्या अर्ध्यात तुम्ही एखाद्या लेखकाला, नटाला, शिक्षकांना पेनाने दोन ओळी लिहून द्याल तेव्हा ते कार्ड निमंत्रण होईल. ३०० जीएसएम आर्ट कार्ड घ्या, मागची बाजू लॅमिनेट करू नका, पेन चालत नाही. क्यूआर कोड किमान दोन सेंटिमीटरचा, पांढऱ्यावर काळा, भोवती मोकळी कड. साधारण कोडाच्या रुंदीच्या दहापट अंतरावरून तो फोनला वाचता येतो, म्हणून पोस्टरवर तो तीन सेंटिमीटरचा करा आणि डोळ्यांच्या उंचीला येईल असा लावा. काळ्या भिंतीवर पांढरा कोड हा तुमचा प्रयोग काही फोनना वाचता येणार नाही.

पिफसारख्या (पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) महोत्सवांना पाठवायची आवृत्ती वेगळी करा. मराठी नावाखाली बारीक इंग्रजी घालून ती होत नाही. इंग्रजी नावासाठी मांडणी नव्याने करावी लागते. निवड झाल्याची खूण म्हणून पोस्टरवर लावतात ती महोत्सवाची पानांची चक्रं आत्ताच रिकामी छापून ठेवू नका. निवडीचं पत्र हातात आल्यावर, त्याच महोत्सवाने दिलेलं चिन्ह, तेवढंच लावा. फाइलमध्ये वर एक पट्टी मात्र त्यासाठी राखून ठेवा.

आता सुधारणा कशा करायच्या. तुम्ही मला एका पोस्टरच्या अकरा आवृत्त्या पाठवल्यात. त्या सगळ्या स्क्रीनवर केलेल्या आहेत आणि दर वेळी चार-चार गोष्टी एकदम बदललेल्या आहेत, त्यामुळे कुठल्या बदलाने काय साधलं हे तुम्हालाही सांगता येणार नाही. यापुढे असं करा. घरच्या प्रिंटरवर ए४ वर काढा, भिंतीवर चिकटवा आणि सात फुटांवर उभे राहा. १२ बाय १८ चं पोस्टर दहा फुटांवरून जेवढं दिसतं साधारण तेवढं ते दिसेल. तिथून दोनच गोष्टी कळायला हव्यात: चित्र आणि नाव. तीन फुटांवर आलात की ओळ, तारीख, जागा. बाकी सगळं हातभर अंतरावर. मग ज्याने फिल्मबद्दल काहीही ऐकलेलं नाही अशा कुणालातरी ते तीन सेकंद दाखवा आणि उलटं करा. ‘कसं वाटलं?’ विचारू नका, सगळे ‘छान’ म्हणतात. ‘काय दिसलं?’ विचारा. ‘कुणीतरी आजारी आहे, मुलगा रात्री जागतोय’ असं उत्तर आलं, तर वडील आजारी वाटताहेत. म्हणजे त्यांची झोपण्याची ढब बदलायला हवी, फॉन्ट नाही. मेसमध्ये जेवायला येणाऱ्या पाच मुलांना विचारा, तुमच्या वर्गातल्या कुणालाही नको. एका फेरीत एकच गोष्ट बदला, आणि अशा तीन फेऱ्यांनंतर थांबा.

संख्येचं म्हणाल तर ४० पोस्टरं, २०० पोस्टकार्डं, १५० पत्रकं. एवढ्यासाठी ऑफसेटकडे जाऊ नका. प्लेटा आणि मशीन लावण्याचा खर्च शेकड्यात वसूल होत नाही, हजारात होतो. डिजिटलवरच करा. आठ हजारांतले सोळाशे बाजूला काढून ठेवा आणि पहिल्या खेळापर्यंत त्यांना हात लावू नका. तारीख बदलते, सभागृह बदलतं, एक नाव चुकलेलं सापडतं.

पोस्टरं सार्वजनिक भिंतींवर, खांबांवर, बसथांब्यांवर डकवू नका. मालमत्ता विद्रूप करण्याला बंदी घालणारा राज्याचा १९९५ चा कायदा आहे, आणि त्याशिवायही अशा ठिकाणी पोस्टर एक रात्र टिकत नाही, त्यावर दुसरं बसतं. अभ्यासिकेच्या चालकांना भेटा, फिल्म कशाबद्दल आहे ते सांगा, जिन्यात आतल्या बाजूला एक जागा मागा. मेस, झेरॉक्सची दुकानं, कॉलेजचे फलक, चहाची दुकानं. प्रत्येक ठिकाणी परवानगी घेऊन एकच लावा, आणि कुठे कुठे लावलं त्याची यादी ठेवा. खेळ झाल्यावर दुसऱ्या दिवशी जाऊन काढायची आहेत. कागद फाडणार नाही अशी चिकटपट्टी वापरा, म्हणजे काढलेली पुढच्या खेळाला चालतील.

पहिल्या छपाईतली दोन पोस्टरं मात्र अजिबात लावू नका. गुंडाळू नका, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा. त्यातलं एक वडिलांचं काम केलेल्या काकांना नेऊन द्या, खेळाच्या आधी.